विमानाचं आडनाव

कॅन्टीनमध्ये एकच खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर त्याची बॅग बसली होती.

"हिला उचलता का?" मी म्हटलं.

"विचारून बघतो," म्हणत त्याने बॅग मांडीवर घेतली.

आमच्या चिमुकल्या विमान कंपनीचं पहिलंवहिलं कोरं विमान या कारखान्यात तयार होत होतं. ताब्यात घेण्याआधी ते तपासायचं काम माझं. आणि तो? तो कोड द्यायचा.

"कसला कोड?"

"पहिल्यांदा विमान मागवणाऱ्या प्रत्येक कंपनीला एक मिळतो. दोन अक्षरं, नाहीतर अक्षर आणि आकडा. तो मॉडेलच्या नंबरात जाऊन बसतो. आडनावच म्हणा."

"आणि पुढे विमान दुसऱ्याला विकलं तर?"

"आडनाव तेच. विमानं त्या बाबतीत फार ठाम असतात."

मी हसू दाबलं. "मग आमचं आडनाव काय?"

तो चहात बघत राहिला. "ते… तुम्हालाच निवडायचंय. उद्या एखादं दाखवतो."

दुसऱ्या दिवशी त्याने एक आणलं. मी म्हटलं, खडूस वाटतंय. पुढचं फारच जाडं होतं. त्याच्या पुढचं — लग्नात रुसून बसलेल्या मामासारखं.

"रुसकं," त्याने गंभीरपणे मान डोलावली. "नकोच. आणखी बघू."

असं रोज, जेवणाच्या सुट्टीत. अहो-जाहो कधी गळून पडलं, कळलंही नाही. मग विमान तयार झालं. सकाळी मी ते घेऊन जाणार होते, आणि कंपनीला कोड आयुष्यात एकदाच मिळतो. पुन्हा त्याच्याकडे यायला मला काही कारणच उरणार नव्हतं.

"एक सांगायचंय," तो म्हणाला. "कोड कुणाला निवडता येत नाही. तुमच्या कंपनीचा… केव्हाच ठरला होता."

"माहितीये. विमानाच्या दाराच्या चौकटीतल्या पाटीवर कोरलाय. मी पहिल्याच सकाळी तपासला. तेच तर माझं काम."

त्याचे कान लाल झाले. "मग रोज नाक का मुरडत होतीस?"

"तू रोज नवीन आणत होतास म्हणून."

तो कप फिरवत बसला. मग हळूच म्हणाला, "मी रजा टाकलीये. तुझ्या गावी यायला."

"किती दिवसांची?"

"साहेबही तेच विचारत होते. म्हटलं, मुलीला विचारून सांगतो."

"मग विचार ना."

"किती दिवस राहू?"

"आई म्हणेल, चार दिवस राहा," मी म्हटलं. "तू आईचं ऐकू नकोस."