आधी माझी टेप

बोरिवलीतल्या त्या जुन्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात टेपवाला व्हिडिओ कॅमेरा एकच उरला होता. नेत्राने त्याच्याकडे बोट दाखवलं, आणि नेमकं तेव्हाच शेजारून आणखी एक बोट पुढे आलं. सावळं, लांब... नखाशी जुना व्रण असलेलं.

दुकानदार विकीने तिला टेपा कॉम्प्युटरवर उतरवायला स्वस्त यूएसबी कन्व्हर्टर दाखवला. शेजारचा मुलगा हळूच म्हणाला, "तो नको. चित्र पुसट होतं. या कॅमेऱ्यातून फायरवायरच्या केबलने घेतलंस, तर टेपवर आहे तस्संच कॉम्प्युटरवर उतरतं."

तिच्या लॅपटॉपला ती केबल लागतच नव्हती. त्याच्या मनोरीच्या घरी मात्र फायरवायर कार्डाचा जुना कॉम्प्युटर होता, नव्हता तो कॅमेराच. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मग दोघंही हसली. त्याचं नाव प्रज्योत. कॅमेरा नेत्राने घेतला, टेपा त्याच्या घरी उतरवायच्या ठरल्या.

रविवारी मार्व्याच्या धक्क्यावरून प्रज्योतबरोबर मनोरीच्या बोटीत बसताना नेत्राने कॅमेऱ्याची पिशवी आणि टेपांचा डबा पोटाशी घट्ट धरला होता. ती तीन वर्षांची असताना तिची आई, शुभा, गेली. आईचा आवाज तिला आठवत नव्हता. चारकोपच्या घरात या टेपा कपाटात पडून होत्या; बाबा त्यांना हात लावत नसत. टेप तुटली तर? बुरशी लागली असली तर? आणि सगळं नीट असूनही तो आवाज परका वाटला तर... ही भीती तिने कुणालाच सांगितली नव्हती. बोट हलली आणि तिने ती प्रज्योतला सांगून टाकली. तिला वारा लागू नये म्हणून तो वाऱ्याच्या बाजूला सरकून बसला.

त्याच्या आईने, कमळने, चहा दिला आणि पोरीचे हात किती गार पडलेत म्हणून काळजी केली. कॅमेरा जोडून झाला. नेत्राने डबा उघडला, तेवढ्यात प्रज्योतने खिशातून स्वतःची टेप काढून आत सरकवली. टेपेत त्याचे वडील, चंदू, नवी होडी पाण्यात ढकलत होते. गेल्या वर्षीच ते गेले होते. स्क्रीनवर ते मागे वळून हसू लागले... आणि कॅमेऱ्यातून कर्रर्र आवाज आला. चित्र फुटून त्याचे चौकोन झाले.

त्याने श्वास रोखून चुरगळलेली फीत सोडवली. ते हसणं गेलं होतं.

नेत्राच्या डोळ्यांतून पाणी आलं. "तुझी का घातलीस आधी?"

"कॅमेरा कसा आहे ते माहीत नव्हतं ना," तो खाली बघत म्हणाला. "बाबांचा आवाज माझ्या कानात आहे गं. तुझ्याकडे तर... तेवढाही नाही."

पुढचे कितीतरी रविवार ती मनोरीला जात राहिली. त्यांनी कॅमेऱ्याचा रबरी रोलर बदलला, हेड साफ केलं, कोऱ्या टेपा फिरवून बघितल्या. कॅमेरा कधीच सुरळीत चालायला लागला होता. तरी दोघंही म्हणत, अजून एकदा बघू या. आपण आता टेपेला घाबरत नाही, हे संपायला घाबरतोय, हे नेत्राला बोटीत बसल्यावर कळायचं.

शेवटी एका दुपारी तिने स्वतःच आईची टेप घातली.

स्क्रीन काळी. काळीच. तिने प्रज्योतचं मनगट घट्ट पकडलं. सगळं पुसलं गेलं, ती पुटपुटणार, तोच काळोखातून एक किंचित घोगरा, वैतागलेला आवाज आला, "अहो, झाकण काढा ना आधी."

मग उजेड झाला. कडेवर छोटी नेत्रा, आणि हसणारी आई. तो आवाज परका नव्हता. चिडल्यावर नेत्रा अगदी तशीच बोलायची.

ती रडत होती, हसत होती. मनगट सोडायचं तिच्या लक्षातच आलं नाही.

संध्याकाळी सगळ्या टेपा उतरवून झाल्यावर प्रज्योत तिला धक्क्यावर सोडायला आला. मग समुद्राकडे बघत म्हणाला, "टेपा संपल्या. आता... तू कशाला येशील?"

"नाही येणार," नेत्रा म्हणाली. त्याचा चेहरा उतरला, तशी ती जवळ सरकली. "पुढच्या रविवारी तू यायचं. चारकोपला. बाबांना आई दाखवायचीय, आणि... तुलाही दाखवायचंय त्यांना."

कळायला त्याला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा कानापर्यंत लाल झाला. "मला भीती वाटते यार, तुझ्या बाबांची."

"मलाही," ती म्हणाली, आणि त्याचा हात हातात घेतला.