बाक चार फूट सरकला

रेशीम बाकावर धडकली...

आवाज मोठा नव्हता. दार नीट लागलं नाही की होतो तेवढाच, लाकडाच्या कडेवर नाक आपटल्याचा. पण खोलीतल्या तिघांनाही तो ऐकू गेला, आणि सूनबाईला कळलं की तीन वर्षं दोन्ही हातांनी धरून ठेवलेलं जे होतं ते आता सुटलं. तिला घाबरायला हवं होतं. भीती आली नाही. हातातला ब्रश तिने टेबलावर नेहमीच्या जागी ठेवला आणि ती बघत राहिली. दुसऱ्याच कुणाच्या घरात हे चाललं असावं, तशी.

कुत्री दोन पावलं मागे सरली, मान खाली घालून तिने पुन्हा तोच रस्ता धरला, आणि पुन्हा धडकली.

बाक सरकवला होता नणंदेने. सकाळी ती दोन बॅगा आणि भरपूर उत्साह घेऊन आली, कुत्र्यांच्या केसांनी भरलेल्या त्या लांब खोलीत तिने एकदा नजर फिरवली आणि म्हणाली, हा बाक भिंतीशी कशाला कुजत ठेवलाय, खिडकीखाली घेतला तर विंचरताना उजेड तरी मिळेल. सूनबाई तेव्हा मागे पिंजरे धूत होती. आत आल्यावर तिला बाक दिसायला हवा होता. दिसला नाही. तीन वर्षांत पहिल्यांदाच तिचं लक्ष उडालं होतं, कारण येत्या सोमवारी तिला हे घर सोडून भावाकडे राहायला जायचं होतं. कुत्र्यांचं केनेल आता मुलगी बघणार, सुनेने जावं, असं सासऱ्यांनी ठरवलं होतं.

ठरवलं सासऱ्यांनी. तिला सांगितलं ठोंब्याने.

ठोंब्या म्हणजे घरातला सगळ्यात म्हातारा कुत्रा, कुठल्याच जातीचा नसलेला, फुकट आलेला आणि चिकटलेला. गेली तीन वर्षं सासरे सुनेशी एक शब्दही बोलले नव्हते. जे बोलायचं ते ठोंब्याकडे बघून. ठोंब्या, चहा निवलाय म्हणावं. ठोंब्या, सोमवारी तिचा भाऊ न्यायला येईल, सामान बांधून ठेव म्हणावं. ठोंब्या ठार बहिरा होता. तरी एकही निरोप कधी चुकला नव्हता.

*

तीन वर्षांपूर्वीचं सांगायला एकच वाक्य पुरेल, कारण सूनबाईच्या मनातही ते एकाच वाक्यासारखं पडून आहे, मध्ये श्वास घ्यायला जागा नसलेलं:

की तिचा नवरा कुत्र्यांच्या एका शोवरून परतताना वळणावर गाडी उलटून गेला, आणि त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात तिला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंचं पत्र सापडलं, ज्यात लिहिलं होतं की रेशीमच्या डोळ्यांचे पडदे झिजत चाललेत, आधी संध्याकाळचं दिसेनासं होईल आणि मग सगळंच, हा आजार रक्तातून येतो, तिला पिल्लं होऊ देऊ नका, आणि पत्रावरची तारीख रेशीमला नर दाखवला त्याच्या अकरा दिवस आधीची होती, म्हणजे त्याला माहीत होतं, माहीत असून त्याने वेत होऊ दिलं, सात पिल्लं झाली, आणि सातही घरांना त्याने स्वतःच्या सहीचा कागद दिला की आईबापांत कसलाही दोष नाही; आणि ती हे पत्र पदराखाली घेऊन बसलेली असतानाच सासरे अंगणात पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि इस्पितळातल्या खाटेवरून त्यांनी रेशीमसाठी दुसरा नर ठरवला, म्हणाले, मुलगा गेला, निदान त्याने जोपासलेलं हे रक्त तरी पुढे जाऊ दे... आणि सूनबाईने, त्यांना न विचारता, ते घरी यायच्या आत, डॉक्टरीणबाईंकडून रेशीमचं गर्भाशय काढून घेतलं.

ते कुबड्यांवर घरी आले. रेशीम पाठीवर लोळली, पोटावरचे टाके दिसले. त्यांनी विचारलं, हे काय? खरं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, तुला कधीपासून माहीत, आणि त्याच्या पुढचा, त्याला माहीत होतं का? ज्या बापाने आयुष्यभर मिशीला पीळ देऊन सांगितलं की माझ्या दारातून खोट असलेलं पिल्लू कधी गेलं नाही, त्या बापाकडे आता मुलाच्या नावाशिवाय काही उरलं नव्हतं. ती म्हणाली, "मला झेपत नव्हतं, बाबा. अजून एक वेत माझ्याच्याने झालं नसतं."

त्या दिवसापासून ते तिच्याशी बोलले नाहीत. आणि रेशीमकडे त्यांनी पुन्हा डोळे उचलून पाहिलं नाही.

सात घरांनाही तिने काही कळवलं नाही. एका मेलेल्या माणसाचं नाव राखायचं तर सात जिवंत घरांना अंधारात ठेवावं लागतं, हे तिला ठाऊक होतं. पहिल्या वर्षी ते टोचायचं. पुढे टोचेनासं झालं.

*

दारापासून बाक, भिंतीलगत, सहा पावलं.
बाकाच्या टोकापासून पाण्याचं भांडं, उजवीकडे तीन.
भांड्यापासून मागचं दार, सरळ नऊ. मध्ये काहीही नाही, बादली नाही, चप्पल नाही, दोरी नाही.

ही खोली सूनबाईने अशी ठेवली होती. रेशीमची पावलं होती ती, सूनबाईची नव्हेत. रोज झाडून झालं की ती प्रत्येक वस्तूचा पाय फरशीवरच्या त्याच ओरखड्यावर नेऊन ठेवायची. शेजारीपाजारी म्हणायचे, नवरा गेल्यापासून बाई जरा चमत्कारिक झालीय, काडी इकडची तिकडे झालेली खपत नाही. नणंद फोनवर हसायची. म्हणायची, वहिनीच्या घरात जायचं तर स्वतःला कुठे ठेवायचं ते आधी विचारून घ्यावं लागतं.

रेशीम शेपटी वर करून, ऐटीत, दारापासून दारापर्यंत चालत जायची; शोच्या रिंगणात शिकवलेली ती चाल तिच्या अंगातून गेली नव्हती. बघणाऱ्याला वाटावं, काय डोळस जनावर आहे!

*

सासरे खुर्चीतून उठले.

त्यांनी मुलीकडे कापूस मागितला. तिने आणला. त्यांनी बोटाएवढा बोळा केला, कुबडी भिंतीला टेकवली, आणि खुबा दुखत असताना, एक हात बाकावर रोवून, खाली बसले, रेशीमसमोर, तीन वर्षांत पहिल्यांदा. बोळा तिच्या नाकाच्या वरून सोडला. कापूस पडताना आवाज होत नाही, वारा लागत नाही. दिसणारं कुत्रं मात्र त्याच्यामागे मान वळवतंच. बोळा रेशीमच्या डोळ्यांसमोरून खाली आला, फरशीवर पडला. रेशीमची मान हलली नाही. तिला त्यांचा वास आला होता. तिने त्यांचा अंगठा चाटला.

नणंद हे बघून भडकलीच. आंधळं जनावर तीन वर्षं घरात लपवून ठेवलंस, वहिनी, बाबांना एका शब्दाने कळवलं नाहीस, उद्या मी हिला कुणाला दाखवली असती तर माझी काय शोभा झाली असती, डोळे जाईपर्यंत तू करत काय होतीस... ती बोलत राहिली, आणि सूनबाईच्या लक्षात आलं की ही मुलगी नकळत एक दार उघडून देते आहे. हलगर्जीपणा. बस्स, एवढंच. सोमवारी जायचंच आहे, जाताना अजून एक ओझं नेलं तर काय बिघडलं!

खोटं कारण तिला शोधावं लागलं नाही. नवऱ्याने लग्नानंतर कधीतरी, फार हळव्या क्षणी, स्वतःच्या लहानपणीची गोष्ट तिला सांगितली होती. तीच तिच्या तोंडी आली.

"फिनाईल उडालं, बाबा," ती म्हणाली. "पिंजरा धुताना बादली माझ्या हातून लवंडली. तिच्या डोळ्यांत गेलं. मी घाबरून सांगितलं नाही."

नणंदेने कपाळावर हात मारला. फरशीवर बसल्या बसल्या सासरे सुनेकडे बघत होते. ठोंब्या त्यांच्या शेजारीच पसरला होता, पण ते ठोंब्याकडे बघत नव्हते.

"फिनाईल," ते म्हणाले. "हे कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. झालं तेच सांगते."

"मखमलची गोष्ट सांगितली होती ना त्याने तुला?"

मखमल म्हणजे रेशीमच्या पणजीची आई. या घराचं नाव जिने केलं ती, बैठकीच्या भिंतीवर जिचा फोटो आहे ती. सूनबाईने मान डोलावली.

"काय सांगितलं होतं?"

"की लहानपणी त्यांच्या हातून बादली लवंडली. मखमलचे डोळे गेले. त्याचं त्यांना फार वाईट वाटायचं... मला हे सांगताना रडले होते."

सासऱ्यांनी डोळे मिटले.

"बादली कधी लवंडलीच नव्हती," ते म्हणाले. "मखमलला आपोआप दिसेनासं झालं. तिची तीन वेतं विकून झाली होती. मी काय सांगणार होतो लोकांना? नऊ वर्षांचा होता तो. मी त्याला समोर उभा केला आणि म्हटलं, कुणी विचारलं तर तुझ्या हातून झालं म्हणायचं. लहान मुलाला कोण काय बोलणार? म्हणाला, हो बाबा." त्यांनी डोळे उघडले. "तुलाही तेच सांगितलं त्याने? बायकोला?"

"हो."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

दारात उभी असलेली नणंद सावकाश बाकावर बसली. मखमल माझी होती, ती म्हणाली, कुणाला उद्देशून नाही. मी दादाशी महिनाभर बोलले नव्हते, त्याच्या वह्या फाडल्या होत्या... तिला रडू आलं तसं सूनबाईला यायला हवं होतं. सूनबाईने आत शोधून पाहिलं. काही नव्हतं. झोपलेल्या पायावर भार टाकावा तसं फक्त एक जडपण होतं, आणि त्याच्या खाली कुठेतरी, अगदी खोल, मुंग्या.

नवऱ्यासाठी ती त्याच्या बापाशी खोटं बोलत होती. आणि तो, तिच्या शेजारी झोपून, बापासाठी तिच्याशी.

"रेशीमचं त्याला माहीत होतं का?" सासऱ्यांनी विचारलं.

याच एका प्रश्नासाठी तीन वर्षं गेली होती. अजूनही नाही म्हणता आलं असतं. तिने तोंड उघडलं, आणि मिटलं. उठून तिने आपल्या बांधलेल्या बॅगेतून पत्र काढलं, आणि त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी तारीख पाहिली. पत्र दोनदा वाचलं. मग घडी घातली, पुन्हा उघडली.

"माझंच शिकला," ते म्हणाले. "नऊ वर्षांच्या वयात शिकवलेलं विसरत नाहीत पोरं. तुझं काय चुकलं यात? तू वेत थांबवलंस, सूनबाई. मी चाळीस वर्षं थांबवायला हवं होतं ते तू एका दुपारी थांबवलंस, आणि मी..."

"मीही सात घरांना सांगितलं नाही, बाबा," ती म्हणाली. "मी काही साव नाही."

*

खुर्चीत बसवायला दोघींना त्यांना काखेत धरून उचलावं लागलं. बसल्याबरोबर त्यांनी पिल्लांची वही आणि फोन मागितला. जेवून घ्या, मग करा, असं नणंद म्हणाली. ते म्हणाले, जेवण कुठे पळून जात नाही.

पहिला नंबर एका शाळेतल्या बाईंचा होता. त्यांनी आपल्या पिल्लाचं नाव, त्याच्या रंगावरून, गाजर ठेवलं होतं. त्यावर त्या वेळी सासरे फार चिडले होते. आता त्यांनी फोन कानाला लावला, घसा साफ केला, आणि आपण कोण ते सांगितलं. तुमच्या कुत्र्याच्या डोळ्यांविषयी बोलायचं आहे, म्हणाले. दोष आमच्या घरातला आहे, जुना आहे, आणि मला माहीत होता. कागदावर सही मुलाची आहे, पण खोटं माझं आहे.

पलीकडे बाई खूप वेळ बोलल्या. सासऱ्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्यांनी एकदा म्हटलं, हो. एकदा म्हटलं, बोला, मला बोलायलाच हवं तुम्ही. आणि मग त्यांना काहीतरी विचारलं गेलं, ज्याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. ज्यांच्याकडे शोचे परीक्षकही सल्ला मागायला यायचे, त्यांनी फोन कानापासून दूर धरला आणि सुनेकडे पाहिलं.

"संध्याकाळी जिना उतरताना पडतो म्हणे. काय करायचं विचारतायत." त्यांनी फोन पुढे केला. "तू सांग. मला नाही येत."

सूनबाईने फोन घेतला. बाई चिडलेल्या होत्या, रडलेल्याही असाव्यात. सूनबाई तिच्या त्याच सपाट आवाजात बोलू लागली: जिन्याच्या वरच्या पायरीआधी एक खरखरीत पायपुसणं टाका, पंजाला लागलं की त्याला कळेल. हात लावायच्या आधी आवाज द्या, झोपेत तर आधी नाव घ्या. बाहेर नेताना पट्टा आखूड नको, सैल ठेवा, पण ओढ एकसारखी असू द्या, तो तुमच्या हातावरून रस्ता वाचेल. त्याला उचलून नेऊ नका, उचललं की पुन्हा खाली ठेवल्यावर आपण कुठे आहोत ते त्याला समजत नाही. आणि त्याची कीव करू नका, बाई, त्याला ते लगेच कळतं... इथे तिचा आवाज एकदा अडकला. तिने तो पुन्हा सरळ केला.

मागे नणंद बाक भिंतीशी नेत होती आणि ओरखडे शोधत होती.

सासऱ्यांनी वही मांडीवर उलटी करून मागचं कोरं पान काढलं होतं. चष्मा नाकावर घसरलेला, हातात पेन्सिल. त्यांनी तिच्या कोपराला हलकेच स्पर्श केला.

"जरा हळू सांग, सूनबाई," ते म्हणाले. "लिहून घेतोय. अजून सहा घरं आहेत."