समोरच्या खिडकीतला बाजा

गड्ड्याच्या जत्रेत सुंदरम्मा आत्या बांगडीवाल्यापुढं एकदा बसली, की तासभर हलायची नाही. त्यात आज खरेदी नीलासाठीच होती. गुरुवारी अक्कलकोटची मंडळी तिला बघायला यायची होती.

नीलाचं मात्र हिरव्या चुड्यात लक्ष नव्हतं. ती हळूच शेजारच्या दुकानात सटकली. तिथं तोंडानं वाजवायचे चकचकीत जर्मन बाजे मांडले होते. तिनं एक उचलला, उजव्या हातात धरला, डाव्या पंजाचा आडोसा केला आणि अलगद ओठांजवळ नेला.

"उलटा धरलात की," शेजारून कुणीतरी म्हणालं.

तिनं मान वळवली. शिवपुत्र! गिरणीच्या हापिसातला कारकून. बाळीवेशीत नीलाच्या समोरच्याच घरात राहायचा आणि रोज दिवेलागणीला खिडकीत बसून बाजा वाजवायचा. वर्षभरात दोघांत एक शब्द झाला नव्हता. पण तो बाजा ऐकल्याशिवाय नीलाला घास गोड लागत नसे. सासरी गेल्यावर तो सूर कुठून मिळणार, या विचारानंच तर ती या दुकानात शिरली होती.

शिवपुत्रानं कोटाच्या खिशातून आपला बाजा काढला. आकडे वर, खर्ज डाव्या हाताला, डावा अंगठा खाली अन् बोट वर—असं सगळं त्यानं मास्तरासारखं समजावलं. मग उजवा पंजा मागं धरून त्याची उघडझाप केली. सूर कसा थरथरला!

नीलाला पटेना. "मी वर्षभर बाजा म्हणून फणी हातात धरून शिकलेय," ती फणकारली. "रोज बघते की... असाच धरतात."

"कोण धरतं?"

नीलानं जीभ चावली. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. शिवपुत्र तिच्या हातांकडे बघत राहिला. समोरून बघणाऱ्याला त्याचा डावा हात उजवीकडेच दिसणार... त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"तुमची खिडकी तर बंद असती," तो पुटपुटला.

"फट हाय तिला."

तो हसला. मग धीर करून, अगदी हळू म्हणाला, "समोर बसून शिकलं की उलटंच येतं. शेजारी बसावं लागतं."

पलीकडून आत्यानं हाक मारली. आता लाजत बसले तर गुरुवार उजाडेल, हे नीलाला कळत होतं. तिनं बाजा खाली ठेवला.

"मग गुरुवारच्या आत तुमच्या आईला आमच्या घरी पाठवा की."

"गुरुवार कशाला? आजच पाठवतो."

आत्याकडे जाताना तिनं एकदा वळून पाहिलं. शिवपुत्र तिथंच उभा होता, तिच्याकडे बघत बाजा ओठाला लावत होता... आणि आता त्यानंच तो उलटा धरला होता.