दोघांच्या सहीचं पाणी

पुलाच्या मध्यावर दोन देशांची हद्द होती. प्रयोगशाळेतून आलेली ती नदीच्या पाण्याचा नमुना घ्यायला वाकली आणि बाटलीचं झाकण हातातून सुटून थेट प्रवाहात गेलं.

"आमच्या हद्दीत पडलं. आता परत मिळायचं नाही!"

तिनं मान वर केली. पलीकडच्या देशाचा तपासनीस हसत हसत स्वतःजवळचं झाकण पुढे करत होता.

त्याच्या देशानं आधी आपल्याच कारखान्यांच्या सांडपाण्याला कडक नियम लावले होते. मग शेजाऱ्यांना म्हटलं होतं, नदी एकच, तर नियमही एकच करू. तिचं सरकार आढेवेढे घेत होतं. तोवर दर मंगळवारी दोघांनी मिळून पाण्यातली घाण मोजायची आणि आकड्याखाली दोघांनी सही करायची, एवढंच ठरलं.

तिला मंगळवार फार लांब वाटू लागला.

"तुमच्या काठाचं पाणी जांभळं," तो चिडवायचा.

"आणि तुमचं नाक वर!"

"नाकाचं सोडा हो... नजर बघा. ती पाण्यावर नसतेच."

तिच्या हातातली बाटली उगाचच भरून वाहायची.

वर्षभराच्या आकड्यांपुढे तिचं सरकार नमलं. नियम पाळणाऱ्या कारखान्यांचंच कापड विकत घेऊ, असंही पलीकडच्यांनी बजावलं होतं. करार झाला. पहिला बंद पडला तो कापड रंगवण्याचा कारखाना. तिचा दादा पंचवीस वर्षं तिथंच राबला होता.

दादानं जेवणाचा डबा माळ्यावर टाकला. वहिनी म्हणाली, "सही तुझीच होती ना?"

तीन आठवड्यांनी, मंगळवारी, पुलावर आपोआप मोजणारं यंत्र बसलं. आता माणसांचं काम नव्हतं.

"माझ्याबरोबर चला," तो म्हणाला. "आधीच विचारायचं होतं... धीर झाला नाही."

"महिन्यापूर्वी विचारलं असतंत, तर धावत आले असते."

"आपला आकडा खोटा होता का?"

"नाही. पुन्हा तोच लिहीन. पण दादा दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसतो... त्याच्यासमोर तुमचा हात धरून कशी उभी राहू?"

त्यानं पुढे केलेला हात मागे घेतला.

"मला तुम्ही आवडता," ती म्हणाली. "फार. एवढं ऐकून जा."

तो गेला. दोनदा वळून पाहिलं त्यानं.

घरी दादा ओट्यावर बसला होता. खूप दिवसांनी त्यानं आपणहून विचारलं, "पाणी सुधारलं का गं?"

"हो, दादा."

"चांगलं झालं की. मग रडतेस कशाला, वेडे?"

"चहा टाकते," म्हणत ती आत गेली.