सहा मीटरवरची बावीस मिनिटं

दादाचा कान नेमका त्याच सकाळी बसला, म्हणून तर तिची आणि त्याची गाठ पडली.

बोट दादाची होती. हौशी पाणबुड्यांना तो खोल समुद्रात घेऊन जाई, आणि धाकटी बहीण दवाखान्याला सुट्टी देऊन आली की स्वतः तिच्याबरोबर पाण्यात उतरे. आज मात्र त्याने कानात कापूस कोंबला आणि समोरच्या बाकावर एकट्याच बसलेल्या उंच माणसाकडे बोट दाखवलं.

"चिमे, आज हे साहेब तुझे जोडीदार. लिफ्ट तपासणारे इन्स्पेक्टर आहेत. आणि साहेब, ही आमची दातांची डॉक्टर. जरा हट्टी आहे, सांभाळून घ्या."

"जोडीदार म्हणे! पाण्यापुरते हं," ती पुटपुटली.

"पाण्यापुरतंच बघू आधी," तो शांतपणे म्हणाला.

तिने चमकून पाहिलं... पण तो खाली वाकून तिच्या सिलिंडरचा पट्टा ओढून बघत होता. मग दुसरा पट्टा. मग पुन्हा पहिला.

"अहो, झाला की तो बघून!"

"एकदाच झाला."

"बायकोलाही असंच छळता का?"

"बायको नाही. तपासणी संपायच्या आतच मुली पळून जातात."

तिला हसू फुटलं. दादाने हाक मारली आणि दोघांनी पाठोपाठ उड्या टाकल्या.

पन्नास मीटर खाली महायुद्धात बुडालेलं एक मालवाहू जहाज वाळूत सरळ बसलं होतं — कुणी धक्क्याला लावून ठेवावं तसं. पोटातल्या कोठारात सैनिकांसाठी निघालेला माल तसाच पडून होता. बुटांचे ढीग, चाकं वर करून पडलेला ट्रक, पत्र्याचे मग. कुणीतरी वाट पाहिली असेल या सगळ्याची, असं तिच्या मनात आलं. तेवढ्यात त्याच्या टॉर्चचा झोत एका फुटक्या खोक्यावर थांबला. आत शेकडो दात घासायचे ब्रश! त्याने ब्रशांकडे बोट केलं, मग तिच्याकडे, आणि मान झुकवून असा काही नमस्कार केला की तिला हसू आवरेना. हसताना गाल हलले आणि मास्कमध्ये पाणी शिरलं. ती पाणी काढत होती, तोवर तो टॉर्च धरून शेजारी थांबून राहिला.

परतीची वाट मात्र घाईची नसते. खोलवरून एकदम वर आलं की रक्तात वायूचे बुडबुडे होतात, माणूस जन्माचा अधू होऊ शकतो. म्हणून मध्ये ठरलेल्या जागी थांबत थांबत यायचं. शेवटचा थांबा सहा मीटरवर, बावीस मिनिटांचा.

तिथे पोचताच घात झाला. थांब्यासाठी आणलेल्या तिच्या जादा सिलिंडरची नळी फाटली. तिने चावी बंद करेपर्यंत सगळी हवा फसफसत निघून गेली. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये जेमतेम तीन मिनिटांची हवा. प्रवाहाने दोघं बोटीपासून लांब आलेली. वर उजेड दिसत होता, पण जाता येत नव्हतं...

तो तिच्यासमोर आला. पिवळा फुगा वर सोडला — बोटीला 'हवा हवी' म्हणून खूण. एका हाताने तिचा हात घट्ट धरला, दुसऱ्या हाताने आपल्या जादा सिलिंडरची नळी तोंडातून काढून तिच्यापुढे केली.

आईच्या पेल्यातलं पाणीही न पिणारी ती. तिने डोळे मिटून नळी तोंडात धरली. दोन श्वास. मग त्याला परत. त्याचे दोन. मग पुन्हा तिचे...

कमरेला लटकवलेल्या, पाण्यात लिहायच्या छोट्या पाटीवर त्याने लिहिलं, 'माझ्याकडे बघा.'

तिने बघितलं. काचेआडचे ते डोळे तपकिरी होते, हे सकाळपासून कसं दिसलं नव्हतं?

'भीती वाटते,' तिने वाकडंतिकडं लिहिलं.

'हवा भरपूर आहे,' त्याने लिहिलं.

अशी बारा मिनिटं गेली. मग वर इंजिनाची घरघर ऐकू आली आणि दोराला बांधलेलं, दोन नळ्यांचं भरलं सिलिंडर डुलत डुलत खाली आलं. एक नळी त्याने धरली, दुसरी तिने तोंडात घेऊन छाती भरून श्वास घेतला. आता हात धरून ठेवायचं काहीच कारण नव्हतं. तिने तो सोडला नाही... त्यानेही नाही. उरलेली दहा मिनिटं दोघं तशीच लटकत राहिली.

दादाने दोघांना बोटीवर ओढून घेतलं. बहिणीला आधी कडकडून मिठी मारली, मग वाट्टेल ते बोलला, मग सुकाणूकडे तोंड करून डोळे पुसले.

ती टॉवेल गुंडाळून बसली, तेव्हा तिची नजर त्याच्या जादा सिलिंडरच्या मापकावर गेली. काटा पार तळाला टेकला होता.

"हे... हे काय? भरपूर आहे म्हणून लिहिलंत ना?"

"खोटं लिहिलं."

"खोटं? तुम्ही?"

"घाबरलेला माणूस जास्त हवा ओढतो."

"आणि दादाला अजून उशीर झाला असता तर?"

"तर माझ्या पाठीवरची उरलीसुरली हवा तुम्हाला दिली असती." तो समुद्राकडे बघत होता. हातातला चहाचा कप तसाच भरलेला होता. "शेवटी शेवटी मी मिनिटं मोजायची सोडली होती, डॉक्टर. तुम्ही वर पोचायला हव्यात, एवढंच... म्हणजे मला तुम्ही... अजून भेटायला हव्यात."

तिला रडू आलं, आणि त्यातच हसूही. सुटलो, सुटलो, असं अंगातला कणन् कण म्हणत होता. तिने त्याच्या हातातला कप काढून बाजूला ठेवला.

"बावीस मिनिटं हात धरून ठेवलात, एका नळीतून श्वास घेतलात, आणि अजून 'तुम्ही'?"

तो कानांपर्यंत लाल झाला.

"तू..." तो म्हणाला.

"एवढं पुरे आहे आजच्याला," ती म्हणाली, आणि त्याच्या ओल्या खांद्यावर तिने डोकं टेकलं.