उभा राहा

शाळेत डिजिटल फळे आले तेव्हा जोडणी मीच पाहिली. मी भौतिकशास्त्र शिकवते. फळ्यांत भरलेले भूमितीचे धडे माझ्या ताईचे होते. तीही इथेच शिकवायची. सगळे धडे रेकॉर्ड करून झाल्यावर मुख्याध्यापकांनी तिला कामावरून काढलं. "बाई, आता तुमचा आवाज आहे ना आमच्याकडे," ते हसून म्हणाले. ताईने हाय खाल्ली. वर्ष पुरं व्हायच्या आत ती गेली. धड्यांवर नाव लागलं मुख्याध्यापकांचं.

कोणी दुसऱ्याचं उत्तर उतरवून आणलं, की ताई म्हणायची, "हे तुझं नाही. उभा राहा." मुलगा खरं बोलला की एकच शब्द: "बस."

परवा दहावीच्या वर्गात पाहुण्यांना फळा दाखवायचा होता. "हे धडे मी स्वतः रचले," असं सांगून मुख्याध्यापक पहिल्या बाकावर टेकले. फळ्यावरचं वर्तुळ अर्धवट थांबलं. वर्गात खडूचा वास आला. आमच्याकडे आता खडू नसतात.

"हे तुझं नाही," ताईचा आवाज आला. "उभा राहा."

हे वाक्य तिने कधी रेकॉर्ड केलं नव्हतं.

"अरेच्चा, सरांना अरे-तुरे!" मागून कोणीतरी खिदळलं.

मुख्याध्यापक ताडकन उठले. "बाई, बंद करा ते!"

मी वायर काढली. पडदा काळा झाला. ते बसायला गेले, पण गुडघे वाकेनात.

डॉक्टरांना काही सापडलं नाही. आज मुख्याध्यापकांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. टेबल धरून उभे होते. पाय सुजून बुटांबाहेर आले होते.

"दार लावा," ते कुजबुजले. "कबूल आहे. धडे तिचेच. बस झालं आता!"

गुडघे हलले नाहीत.

"'बस' तुम्ही म्हणून चालत नाही, सर. ते ताईनेच म्हणायचं."

"मग तिच्या आवाजात ऐकवा. असेल कुठेतरी. तुमच्या पाया पडलो असतो हो, पण वाकता येत नाही."

शाळा सुटल्यावर मी रिकाम्या वर्गात सगळे धडे ऐकले. एका ठिकाणी तो शब्द होता. "वर्तुळ ठरायला एका रेषेत नसलेले तीन बिंदू. बस."

तेवढा एक शब्द मी पुसून टाकला.

मग फळ्याची वायर काढून गुंडाळली, दिवे घालवले. दाराशी पोचले तेव्हा खडूचा वास आला.

"शाब्बास," ताई म्हणाली.