मोटर चालू असेपर्यंत

"दादा, ती मोटर जरा बंद करता का?"

नीरजानं पुन्हा एकदा ओरडून विचारलं, तेव्हा कुठं हौदाच्या कठड्यावर बसलेल्या माणसानं मान वर केली. पाईपातून पाणी धो धो हौदात पडत होतं. त्यानं कानाकडं बोट नेऊन 'ऐकू येत नाही' अशी खूण केली. मग सावकाश उठला, स्टार्टरचं लाल बटण दाबलं. पाणी थांबलं आणि एकदम बागेतले पोपट ऐकू यायला लागले.

"काय म्हणता मॅडम?"

"आमचा गट बसलाय तिकडे, पेरूच्या झाडांखाली. या आवाजात एकाचं दुसऱ्याला काही ऐकू येत नाही."

"मला पण नाय येत," तो म्हणाला. "म्हणूनच लावलीय."

नीरजाला राग आला. निम्मा चेहरा मास्कमध्ये, त्यामुळे हा माणूस थट्टा करतोय की भांडतोय, ते कळायला मार्ग नव्हता. डोळे मात्र थट्टाही करत नव्हते आणि भांडतही नव्हते.

"म्हणजे?"

"मागच्या शनिवारी तुमच्या गटातल्या एक काकू सुनेबद्दल सांगत होत्या. मी इथं चंद्रीला पाणी पाजत होतो, मला सगळं ऐकू आलं." त्यानं गोठ्यातल्या म्हशीकडं हात केला. "लई वाईट वाटलं. म्हणजे… ऐकू आलं याचं. त्यांनी मला थोडंच सांगितलं होतं? म्हणून आज मोटर लावली."

नीरजा भांडायच्या तयारीनं आली होती. आता त्या तयारीचं काय करावं, तिला सुचेना.

"मग आम्ही पलीकडच्या ओळीत सरकतो," ती म्हणाली. "तुम्ही… मोटर लावा."

त्यानं हिरवं बटण दाबलं. ती वळून चालायला लागली आणि अर्ध्या वाटेत तिला उगाच मागं बघावंसं वाटलं. तो बघत नव्हता. पाण्याकडं बघत होता.

*

गट तसा जुना होता. पुंडलिकनगरातल्या एका हॉलमध्ये दर आठवड्याला भरायचा. मन जड झालेली माणसं येत, गोल करून बसत, बोलत, ऐकत. तो उभा केला यमुनाबाईंनी. सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार विभागात त्यांची उभी हयात गेली होती आणि निवृत्त झाल्यावरही त्या घरी बसल्या नव्हत्या. नीरजा समाजकार्याचं शिकून त्यांच्या हाताखाली तयार झाली. मग करोना आला. हॉलला कुलूप लागलं आणि साठी ओलांडलेल्या यमुनाबाई घरात बंद झाल्या.

काही महिने नीरजानं गट फोनवर चालवून पाहिला. पण फोनवर सगळे म्हणायचे, "बरं आहे." दोन खोल्यांच्या घरात सासू शेजारी, नवरा समोर, माणूस दुसरं काय म्हणणार? तिला मोकळी जागा हवी होती. गटातल्या भामाबाईंनी हर्सूलच्या आपल्या मैत्रिणीला, सरूबाईंना विचारलं. सरूबाईंची तलावाजवळ पेरूची बाग होती. त्या म्हणाल्या, "येऊ द्या की. झाडं काय कुणाचं बोलणं घेऊन जातात?"

दोन झाडांच्या मधून बैलगाडी जाईल एवढं अंतर होतं. नीरजानं एका झाडाखाली एकच माणूस बसवला. ज्याची त्याची सतरंजी, ज्याची त्याची पाण्याची बाटली, तोंडावर मास्क. जरा जरी कणकण असली तर घरी थांबायचं आणि त्याचं झाड रिकामं ठेवायचं. पूर्वी शेवटी सगळे हात धरून क्षणभर गप्प बसत. आता जो तो आपल्या झाडाच्या खोडावर तळवा ठेवून बसू लागला. जुना नियम तसाच राहिला: गटातलं गटाबाहेर जात नाही.

आणि एक नियम फक्त गट चालवणाऱ्यासाठी होता. गटात बसणाऱ्याला जीव लावायचा, पण त्याच्याशी दुसरं नातं जोडायचं नाही. जो तुमच्यासमोर मन उघडं करतो, त्याच्या त्या वेळच्या दुबळेपणावर आपलं घर बांधायचं नाही, असं यमुनाबाई सांगत. हा नियम पाळणं नीरजाला कधी अवघड गेलं नव्हतं.

*

हौदावरचा माणूस म्हणजे सरूबाईंचा मुलगा, सुदर्शन. वाळूजच्या एका कारखान्यात कामाला होता. लॉकडाऊनमध्ये घरी आला तो इथंच राहिला. दर शनिवारी गट उठला की नीरजा "झालं" सांगायला हौदाकडं जायची. तो मोटर बंद करायचा. खरं तर तिनं लांबून हात केला असता तरी भागलं असतं.

"पेरू छान लागलेत," एकदा ती म्हणाली.

"जांब."

"काय?"

"पेरू शहरात. इथं जांब म्हणतात. पेरू म्हणाल तर झाड देणार नाय."

"बरं, जांब द्या."

त्यानं एक पिवळसर फळ काढून कठड्याच्या मधोमध ठेवलं आणि दूर जाऊन उभा राहिला. तिनं मास्क खाली घेऊन एक घास खाल्ला. तो बघत राहिला. मग तिच्या लक्षात आलं की त्यानं आपला चेहरा आज पहिल्यांदा पाहिलाय.

"काय बघताय?"

"नाय… मला वाटलं होतं, नाक लई रागीट असंल."

"आणि?"

"बरं आहे."

"हे 'बरं आहे' मी फोनवर फार ऐकलंय. याचा अर्थ काहीही असतो."

तो हसला. मास्कमध्ये हसू दिसत नाही, पण त्याच्या डोळ्यांच्या कडांना बारीक सुरकुत्या पडत. नीरजा पुढचा आठवडाभर त्या सुरकुत्यांचा विचार करत राहिली, आणि आपण असा विचार करतोय म्हणून स्वतःवर चिडत राहिली.

*

थंडी पडली, तेव्हा एका शनिवारी भामाबाई खोकत आल्या. बागेच्या फाटकातच नीरजानं त्यांना थांबवलं.

"घसा बसलाय गं नुसता. लांब बसते मी."

"काकू, नाही चालणार. घरी जा, तपासणी करून घ्या."

"घरी कोण आहे माझ्याशी बोलायला?" भामाबाई म्हणाल्या आणि वळल्या. नीरजा त्यांची पाठ बघत फाटकातच उभी राहिली. नियम बरोबर होता. पण बरोबर असलं म्हणून काही सोपं नव्हतं.

फाटकाशी उभा असलेला सुदर्शन मोटरसायकल काढून त्यांच्या मागं गेला. त्या दिवशी गट सुरू झाला आणि थोड्या वेळानं नीरजाचा फोन वाजला. भामाबाई होत्या. "पायरीवर जांबांची पिशवी ठेवून तो पोरगा गल्लीच्या पार त्या टोकाला उभा राहिलाय. म्हणतो, काकू, फोन लावा, तुमचं झाड रिकामं ठेवून सगळे थांबलेत." नीरजानं फोन भामाबाईंच्या झाडाच्या बेचक्यात ठेवला. त्या दिवशी झाडच बोललं.

तो परत आल्यावर तिनं विचारलं, "टोकाला का उभे राहिलात?"

"जवळ थांबलो असतो तर ऐकू आलं असतं. तिथं मोटर कुठं होती?"

नीरजाला त्या क्षणी कळलं की आपलं काही खरं नाही.

भामाबाईंचा तो साधा खोकलाच निघाला. पंधरवड्यानं त्या परत आल्या आणि आल्या आल्या म्हणाल्या, "हौदावर जाऊन ये आधी. तुझं लक्ष लागेल मग."

"काकू."

"मी कुठं काय म्हणाले?"

*

एके दिवशी मोटर बंद केल्यावर सुदर्शन म्हणाला, "मी पण बसू का एखाद्या झाडाखाली? तुमच्या गटात."

तो हसत म्हणाला होता. नीरजाही हसली. "झाडं भरलीत."

झाडं भरली नव्हती. अख्खी बाग रिकामी पडली होती.

पुढच्या शनिवारी त्यानं पुन्हा विचारलं. या वेळी तो हसत नव्हता. तिनं घड्याळाकडं बघितलं आणि "उशीर झाला" म्हणाली.

ती गाडीकडं निघाली, तर वाटेत सरूबाई भेटल्या. हातात पिवळी पडलेली पानं होती.

"बघ पोरी. जास्तीच्या पाण्यानं झाडं पिवळी पडायलीत. मी म्हणते, बस कर. ऐकत नाय."

"इतकं पाणी का देतो?"

सरूबाई पानं चुरत राहिल्या. "त्याचा बाप दवाखान्यात होता, करोनात. शेवटचा फोन आला तेव्हा धड बोलता येईना. एवढंच म्हणाला, सुदर्शन, बागेला पाणी दिलं का? मग फोन बंद झाला. माणूस परत दिसलाच नाय, बांधून नेला. तेव्हापासून हा रोज पाणी देतोय. रडला नाय एकदाबी." मग त्यांनी नीरजाकडं सरळ पाहिलं. "तू लोकांना बोलतं करतीस ना? त्याला बसव की एखाद्या झाडाखाली."

पुंडलिकनगरपर्यंतचा रस्ता कसा संपला, ते नीरजाला कळलं नाही. तो मदत मागत होता आणि ती घड्याळ बघत होती. कारण तो एकदा झाडाखाली बसला की तो गटाचा होणार आणि ती गट चालवणारी ताई. मग तो नियम. हौद, जांब, डोळ्यांच्या सुरकुत्या… सगळं तिथंच संपणार. आणि ते संपू नये म्हणून ती त्याला पाण्याजवळ एकटा ठेवून आली होती.

ती घरी गेलीच नाही. यमुनाबाईंच्या फाटकाबाहेर उभी राहिली, त्या व्हरांड्यात, आणि तिनं सगळं सांगून टाकलं.

यमुनाबाईंनी शांतपणे ऐकलं. "त्याला विचारलंस, त्याच्या मनात काय आहे?"

"नाही. आधी त्याचं दुखणं. माझं नंतर… किंवा नाहीच."

"बरोबर. मग तू त्याची ताई होऊ नकोस. माझ्या डॉक्टरांना विचारते, मोकळ्यावर लांब बसायला ते नाही म्हणणार नाहीत. बुधवारी दुसरा गट धरू. तो माझा. त्यात तू पाय ठेवायचा नाहीस आणि तिथलं एक अक्षर मला विचारायचं नाहीस."

"नाही विचारणार."

"आणि घाई करू नकोस. त्याचं मन हलकं होईपर्यंत थांब. थांबता येईल?"

"येईल."

*

"बुधवारी बसा तुम्ही," नीरजानं सुदर्शनला सांगितलं. "यमुनाबाई येतील. मी नसेन."

त्याचा चेहरा उतरला. "का? माझं ऐकायचं नाय तुम्हाला?"

"मला ऐकायचं नाही असं नाही…" ती थांबली. "मी ऐकलं तर मला दुसरं काही बोलता येणार नाही. कधीच."

"दुसरं काय?"

"ते नंतर."

त्यानं स्टार्टरकडं पाहिलं. "मग बुधवारी मोटर कोण लावणार?"

"मी," नीरजा म्हणाली.

आणि ती खरंच येत राहिली. बुधवारी ती हिरवं बटण दाबायची, पाणी बागेत न सोडता हौदातच पडू द्यायची आणि झाडांकडं पाठ करून बसायची. पहिल्या बुधवारी सुदर्शन बोलला का, रडला का, तिला कळलं नाही. तिनं विचारलं नाही. थंडी ओसरली. जांबाच्या झाडांवर नवी हिरवी पानं दिसायला लागली, त्यावरून तिनं काय ते ओळखलं.

हौदावर एकटीला करमत नसे. म्हणून ती चंद्रीशी बोलायची. पाण्याच्या आवाजात मोठ्यानं बोलावं लागायचं, आणि त्याचं काही भय नव्हतं. मोटर चालू असेपर्यंत कुणाला काही ऐकू येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्या बुधवारीही ती गोठ्याच्या दाराशी उभी राहून म्हशीला सांगत होती, "तुला काय गं, तू रोज बघतेस त्याला. मला आठवड्यातून दोनदा. आणि तोही मास्कमध्ये. यमुनाबाई म्हणतात थांब, मी थांबलेय. पण खरं सांगू का चंद्रे, मला तो फार आवडतो, आणि आता लग्नाचं मलाच विचारावं लागणार बहुतेक."

शेवटचे शब्द भलतेच मोठे वाटले. पाण्याचा आवाज नव्हता. पोपट ओरडत होते.

नीरजा वळली. सुदर्शन स्टार्टरपाशी उभा होता, बोट अजून लाल बटणावर. गट नुकताच उठला असावा. पलीकडच्या ओळीत माणसं सतरंज्यांच्या घड्या हातात धरून जागच्या जागी थांबली होती. यमुनाबाई आभाळाकडं बघत होत्या.

"हौद भरून वाहायला लागलाय," सुदर्शन हळूच म्हणाला. "आज पुरे झालं पाणी. बाबांना सांगितलं मी… दिलं म्हणून."

त्याचे डोळे लाल होते आणि कडांना सुरकुत्याही होत्या. नीरजाला कुठं बघावं कळेना.

झाडांमधून भामाबाईंचा आवाज आला. त्या हट्टानं दोन्ही गटांना यायच्या. "काळजी करू नको गं. गटातलं गटाबाहेर जात नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "पण हे तर गटाबाहेरचंच होतं."

सगळी बाग हसली. एक एक करून माणसं फाटकाकडं गेली. सुदर्शन कठड्याच्या एका टोकाला बसला, नीरजा दुसऱ्या टोकाला.

"चंद्री काय म्हणाली?" त्यानं विचारलं.

"काहीच नाही."

"ती माझंच ऐकते. मी तिला हेच सांगतोय दिवाळीपासून. तेव्हा पण मोटर चालूच असायची."

नीरजा हसली, मग तिला रडू आलं, मग पुन्हा हसू आलं. वर दोन झाडांच्या फांद्या एकमेकींत शिरल्या होत्या.

"बाबा म्हणायचे," सुदर्शन तिकडं बघत म्हणाला, "रोपं लावताना लोक हसतात, एवढं लांब लांब कशाला लावता म्हणून. वाढली की आपोआप गाठ पडते."

त्यानं एक जांब काढला आणि कठड्याच्या मधोमध ठेवला. या वेळी तो दूर जाऊन उभा राहिला नाही.